मागच्या चाकांची ओढ

"जीपच्या खालची चासी सडलीच आहे ना, काका? मग दुसरी घाला. पण टू-व्हीलची घाला, नुसती मागची चाकं ओढणारी," नानांची मुलगी म्हणाली. "आणि नानांना कळू देऊ नका."

मिस्त्रीने हात पुसले. नानांची जुनी जीप त्याच्याच हाताखाली म्हातारी झाली होती. तिची चारही चाकं ओढायची, म्हणून ती कसल्याही चिखलातून वर यायची.

"घोड्याचे पुढचे पाय बांधायला सांगतेयस, पोरी. कशासाठी?"

"ते दर रविवारी बंद खाणीकडे जातात. डबा घेऊन. माझ्या भावासाठी."

खाणीचा बोगदा कोसळला तेव्हा तिचा भाऊ तिथे मुकादम होता. टेकू कच्चे आहेत हे माहीत असून त्याने माणसं आत पाठवली, असं सगळे म्हणत. बाकीच्यांची प्रेतं निघाली, त्याचं निघालं नाही. जिवंत निघाला असता तरी लोकांनी त्याला सोडलं नसतं.

"परवा त्याच्यासाठी स्वेटर आणला. दुकानदाराला म्हणाले, हल्ली पोरगा वाळलाय, एक माप लहान द्या." ती हसायला गेली आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "शेवटचा चढ दरीच्या कडेने आहे, काका. एक गेला, आता हेही जातील. गाडी चढलीच नाही तर मुकाट्याने परत फिरतील."

मिस्त्रीने बॉडी साखळीवर टांगली आणि खाली टू-व्हीलची चासी सरकवली. पुढच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट गेला, त्याची गिअरची पेटी गेली. चारही चाकं जोडणारा फोर-व्हीलचा दांडा मात्र त्याने आत सीटजवळ तसाच ठेवला. ओढला की खट्ट वाजावा म्हणून खाली एक स्प्रिंग बसवली. हे काम त्याने गॅरेजचं शटर अर्धं ओढून केलं.

नाना गाडी न्यायला आले. बसल्या बसल्या त्यांनी दांडा ओढला. खट्ट.

"वा! नव्यासारखा पडतोय की रे!"

"हो," मिस्त्री म्हणाला.

"तू आहेस म्हणून माझं चाललंय, बाबा." नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मिस्त्रीला जेवण गेलं नाही.

रविवारी दुपार कलली तरी नाना परतले नाहीत. मुलगी गॅरेजमध्ये धावत आली. मिस्त्रीने हातातला पाना टाकला, आपली गाडी काढली आणि दोघं निघाले.

जीप शेवटच्या चढाच्या पायथ्याशीच होती. मागची चाकं फिरून फिरून मातीत रुतली होती. दार उघडं, आत कोणी नाही.

"चालत गेले!" तिने कपाळावर हात मारला. "डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा मनाई केलीय. मीच मारलं त्यांना, काका."

"तू नाही," मिस्त्री म्हणाला. "दांडा मी ठेवला."

हाका मारत दोघं चढू लागले. तिचा श्वास तुटत होता, तरी ती थांबेना. मिस्त्री पुढे होता. प्रत्येक वळणावर तो आधी दरीत बघायचा, मग रस्त्यावर.

तिसऱ्या वळणापलीकडून नानांचा आवाज आला. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. छातीपर्यंत दाढी वाढलेला एक माणूस त्यांना पाठीवर घेऊन उतरत होता. कोणी गुराखी असावा. नानांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण ते त्याच्या खांद्यावर मुठी आपटत होते.

"ठेव मला इथंच. ऐक माझं. मागे फिर, खाली माणसं असतील."

माणूस ऐकत नव्हता. त्याचे गुडघे लटपटत होते. भार घ्यायला मिस्त्री हात पसरून पुढे धावला. तेवढ्यात त्याच्या मागून मुलीची किंकाळी आली.

"दादा!"