तिच्या बाजूची काच

डॉक्टरांचं डोकं ब्रेकच्या पेडलखाली होतं, पाठ गाडीच्या तळाला टेकलेली आणि पाय खुर्चीच्या पाठीवरून मागे लोंबत होते. त्या जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डामागे पोचायला दुसरी वाटच नव्हती. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात दवाखान्यातला लांब दांड्याचा गोल आरसा आणि टॉर्च दातांत. दातांत भलतंसलतं धरू नका, असं त्यांनी जन्मभर लोकांना बजावलं होतं.

त्या आरशात त्यांनी पुष्कळ किडलेल्या दाढा पाहिल्या होत्या. पण हीटरच्या नळ्यांइतकी वाईट अवस्था एकीचीही नव्हती. कापड गुंडाळलेल्या जाड कागदाच्या त्या दोन नळ्या. हीटरची गरम हवा काचेखालच्या फटींपर्यंत न्यायची, एवढंच त्यांचं काम. एकीला हात जाईल एवढं भगदाड होतं आणि दुसरीत उंदरांनी खुर्चीचाच कापूस पळवून संसार थाटला होता. त्यामुळे गरम हवा डॅशबोर्डाच्या पोटातच जिरायची आणि गाडीतल्या दोघांचे श्वास काचेवर जाऊन बसायचे.

ती वाफ पुसायचं काम डॉक्टरीणबाईंचं. हातात फडकं घेऊन त्या आपली बाजू पुसत, मग वाकून नवऱ्याची पुसत, तोवर आपली पुन्हा भरलेली असे. डॉक्टर चालवता चालवता सांगत, जरा वर, जरा मधे. फाटकाचा खांब घासला, शेजाऱ्यांचं कुंपण आडवं झालं, तेव्हा बाई स्वतः जाऊन सांगून आल्या की ह्यांना बिचाऱ्यांना दिसतच नव्हतं हो. आणि परवा गाडी चौकातल्या फुलांच्या वाफ्यात मधोमध जाऊन उभी राहिली. बाईंनी फडक्याची घडी घातली, डॅशबोर्डावर ठेवली आणि शांतपणे सांगितलं की ह्या गाडीत मी आता बसायची नाही. रविवारी धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. त्या आपल्या रोजच्या छोट्या गाडीनं जाणार होत्या, तुम्ही तुमच्या ह्या वाफेनं भरलेल्या आंघोळीच्या खोलीतून या म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत. दुसरी खुर्ची रिकामी ठेवून दोन आसनी गाडी चालवणं म्हणजे एकट्यानं बॅडमिंटन खेळणं. पण असलं काही बायकोला तोंडावर सांगायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. समोरच्याच्या तोंडात कापूस असला तरच त्यांना मोकळेपणानं बोलता येई. म्हणून ते डोकं खाली करून गाडीत शिरले.

उंदरांचं बिऱ्हाड त्यांनी चिमट्यानं कणाकणानं बाहेर काढलं. फटी साफ केल्या. नव्या नळ्या आणल्या, तर कळलं की हीटरच्या जोडाला एक तोंड रुंद आणि एक अरुंद आहे, जाड नळी एकावरच बसते. पण रुंद तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं, हे हीटर ठरवत नव्हता. तो जोड फिरवता येत होता. डॉक्टरांनी तसंच उताणं पडून तो बराच वेळ फिरवला आणि जाड नळी बायकोच्या बाजूला बसवली. तिला पुन्हा कधी हात उचलावा लागू नये. हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी बाहेर गारठा आणि बारीक पाऊस. डॉक्टरांनी पंखा लावला आणि बायकोला नुसतं फटीवर हात धरायला सांगितलं. बाईंनी हात धरला. मग दुसराही धरला, शेकला, आणि फक्त चौकापर्यंत, असं बजावून त्या आत बसल्या.

गाडी निघाली. वाफ धरली, पण तिच्या बाजूची काच खालून वर पडदा उचलावा तशी उघडत गेली. थोड्या वेळानं डॉक्टरांची बाजूही लख्ख झाली. डॉक्टर तिरक्या नजरेनं बायकोकडे बघत होते. तिचे हात मांडीवर रिकामे होते. काय करावं न सुचून ती समोर बघत होती. ह्या गाडीतून ती रस्ता असा सलग पहिल्यांदाच बघत होती.

रस्त्यावरचा पांढरा पट्टा बरोबर गाडीच्या पोटाखालून चालला होता. एक सायकलवाला त्यांना बघून सायकलीसकट फुटपाथवर चढला. कोपरा आला तेव्हा डॉक्टर आधी वळले, मग त्यांनी कुणी येतंय का ते पाहिलं. समोरच्या ट्रकवाल्यानं लांबलचक हॉर्न दिला. डॉक्टरांनी त्याला प्रेमानं हात केला.

"गाडी बाजूला घ्या," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी घेतली. एक चाक फुटपाथवर गेलं. बायकोचा आवाज जड झाला होता; स्वच्छ काच बघून ती भारावली, असं त्यांना वाटलं.

"तुमच्या बाजूनं नीट दिसतंय ना?"

"अगदी स्वच्छ दिसतंय."

"तो सायकलवाला दिसला?"

"दिसला की. भला माणूस. आपण होऊन बाजूला झाला."

बाई दार उघडून उतरल्या. काचेतून त्यांना बायको अगदी स्पष्ट दिसत होती, गाडीच्या पुढून चालत जाणारी. पण ती घराकडे वळली नाही. वळसा घालून ती त्यांच्या दारापाशी आली आणि तिनं दार उघडलं.

"सरका पलीकडे," ती म्हणाली. "आणि मी जन्मभर लोकांच्या दारात जाऊन सांगत होते, की दोष काचेचा आहे."