सरांबद्दल कोणाला काय वाटतं

"सर शिकवतात छान," चष्मेवाला म्हणाला, "पण त्यांच्या तासाला आपणच आरोपी आहोत असं वाटतं."

सगळे हसले. विभागप्रमुख मॅडमनाही हसू आवरलं नाही.

गुन्हेगारीशास्त्राच्या वर्गातली आठ-दहा मुलं त्यांच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती. सरांची नेमणूक एका वर्षापुरती होती. ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरवण्याआधी मॅडमना मुलांचं मत ऐकायचं होतं. एकीने सांगितलं, तिने टीव्हीवरच्या मालिका बघून हा विषय घेतला आणि सरांनी पहिल्याच दिवशी तिच्या उत्साहावर पाणी ओतलं. इथे पाठलाग नाही, वाचन आहे म्हणाले. दुसरा म्हणाला, मार्क देताना सरांचा हात आखडतो, पण तुरुंगातल्या माणसांबद्दल बोलायला लागले की तास कधी संपला ते कळत नाही.

वकीलबाई भिंतीला टेकून गप्प बसली होती. वाटेल त्या विषयावर हिरिरीने भांडते म्हणून वर्गाने तिला ठेवलेलं हे नाव. आज मात्र तिला भांडायचं नव्हतं. हे हसणं-खिदळणं संपलं की मॅडम मुद्द्यावर येणार, हे तिला ठाऊक होतं.

मॅडम आल्याच. "आता वर्गाच्या त्या तुरुंगभेटीचं बोलू. त्या दिवशी येता येणार नाही, हे एका मुलीने सरांना विश्वासात घेऊन सांगितलं होतं. कारणही सांगितलं होतं. मग ते सगळ्या वर्गाला कसं कळलं?"

ती मुलगी म्हणजे बारकी. तिचे वडील त्याच तुरुंगात शिक्षा भोगत होते. ही गोष्ट तिने दोघांनाच सांगितली होती. सरांना, आणि वकीलबाईला.

त्या दिवशी बसमध्ये कोणीतरी म्हणालं होतं, बारकी घाबरली, म्हणून आली नाही. वकीलबाईला राहवलं नाही. "घाबरट नाहीये ती, तिचे बाबा आहेत तिथे," असं ती शेजारच्या उंच्याला म्हणाली आणि तिने जीभ चावली. कोणाला बोलू नकोस हं, असंही वर म्हणाली. पण बस तुरुंगाच्या फाटकाशी थांबेपर्यंत मागच्या सीटवरची मुलं पैजा लावत होती, कैद्यांमध्ये बारकीसारखं नाक कोणाचं ते ओळखायचं. त्यानंतर बारकी कित्येक दिवस वर्गात फिरकली नाही.

"तुला कोणाकडून कळलं?" मॅडमनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. याने त्याचं नाव घेतलं, त्याने तिचं. विचारणा फिरत फिरत उंच्यापाशी आली. उंच्याने मान वर केली आणि वकीलबाईकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत राहिली.

"सरांच्या बोलण्यातून कळलं," उंच्या म्हणाला.

मॅडमनी सुस्कारा सोडला. "तू तर तिची मैत्रीण," त्या वकीलबाईला म्हणाल्या. "तुझं काय मत?"

आता सांगावं, असं तिला खरंच वाटलं. एकच वाक्य तर होतं. पण सगळे तिच्याकडे बघत होते.

"सर चांगले आहेत," ती म्हणाली. "पण काही गोष्टी त्यांनी जपायला हव्या होत्या."

बाहेरच्या बाकावर सर बसले होते. पुढची पाळी त्यांची होती. मांडीवर डबा, डब्यावर हात. मुलं खाली माना घालून त्यांच्यासमोरून पांगली. उंच्या तर पळालाच. वकीलबाईही सटकणार, तेवढ्यात सरांनी हाक मारली.

"जरा थांब. तुझ्या मैत्रिणीची हजेरी कमी पडत होती, ते मी ऑफिसात बोललोय. परीक्षेला बसू देतील. मी सांगायला गेलो तर ती माझ्याशी बोलत नाही, तेव्हा तूच सांग."

"सर, मी..."

"आणि तिला एकटं सोडू नकोस."

सरांना माहीत होतं का? ती त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिली. तिथे थकवा होता, दुसरं काही तिला सापडलं नाही. आतून मॅडमची हाक आली. सरांनी डबा बाकावर ठेवला, शर्ट नीट केला आणि दार लोटून आत गेले.

बारकी जिन्यात खालच्या पायरीवर बसली होती. वकीलबाईला बघताच सरकून तिने जागा करून दिली.

"सांगितलंस मॅडमना?"

"हो."

"बरं केलंस. मला वाटायचं, हा माणूस वेगळा आहे." बारकीने नाक ओढलं. "मूर्ख मी. कोणावरही विश्वास टाकते."

"हजेरीचं काम झालंय," वकीलबाई म्हणाली. "परीक्षेला बसता येईल तुला."

"तू केलंस?"

वकीलबाईने तोंड उघडलं. जिन्यावरून कोणीतरी धडधडत खाली उतरलं, दोघींनी पाय आवळून वाट दिली. तो माणूस निघून गेला तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. बारकीने तेच उत्तर समजून तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"ऐक ना," बारकी हळूच म्हणाली. "बाबांचं अजून एक आहे. घरीसुद्धा कोणाला माहीत नाही."

"नको सांगूस."

"का गं?" बारकी रडता रडता हसली. "तुला नाही तर कोणाला सांगू?"

आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ती सांगू लागली.