हालिमुनवर जळणारी मुलगी

"हालिमुन तोंड का लपवते? दिसायला भयंकर आहे का?"

वेनिंगने माईकवर विचारून टाकलं आणि कॅसेटच्या दुकानाचा अख्खा वरचा मजला खो-खो हसला. मागे ग्यांती आणि नुनिंग एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैज त्यांनीच लावली होती. "तूच विचार," त्या म्हणाल्या होत्या. "तिच्यावर सगळ्यात जास्त तूच तर जळतेस."

ते खरंच होतं.

चाहत्यांशी गप्पा मारायला समोर चटईवर दोघं बसले होते. तेतेह रुमसारी, म्हणजे रुमसारीताई, जिने स्वतःच्या खर्चाने नवी गाणी काढली होती. आणि कांग यायान, म्हणजे यायानदादा, हालिमुनचा गिटारवाला. हालिमुन नेहमीप्रमाणे आली नव्हती. वर्षभर बांडुंगच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर तिचा आवाज वाजत होता, पण चेहरा कुणी पाहिला नव्हता. कॅसेटवरसुद्धा नावाच्या अर्थाप्रमाणे नुसतं धुकं छापलेलं.

यायानने वेनिंगकडे पाहिलं. पाण्याचा घोट घेतला.

"दिसायला बरी आहे," तो म्हणाला. "फक्त राग नाकावर असतो."

पुन्हा हशा. रुमसारी मात्र हसली नाही.

"कमाल आहे बाई! मी इथे घसा कोरडा करून सांगतेय, गल्लीतल्या पाण्याच्या पंपाच्या धडधडीतून माझं गाणं कसं निघालं, आणि विचारताय कुणाबद्दल? जी आलीच नाही तिच्याबद्दल!"

"तेतेह, तुझा पंपही आवडला आम्हाला," कुणीतरी ओरडलं. "पण कांग, हालिमुनच्या नव्या गाण्यामागे काय आहे?"

यायान सांगू लागला. "ती म्हणते, लहानपणी ती घरात गात होती. वडील उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. रागावले वगैरे नाहीत. शेजाऱ्यांना त्रास नको, एवढंच म्हणाले. त्यातून आलंय हे गाणं."

 नुनिंगने नाक ओढलं.

"एवढ्याशा खिडकीचं केवढं भांडवल!" वेनिंग मोठ्याने म्हणाली.

"ए, पुरे गं," ग्यांतीने तिला चिमटा काढला. "पैज एकाच प्रश्नाची होती."

पण वेनिंगच्या अंगात आज वारं शिरलं होतं. लोकांसमोर माईकवर बोलायची तिची ही पहिलीच वेळ, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. उलट मजा आली होती.

मैत्रिणी खाली तळलेले गरम चिरेंग खायला पळाल्या. जिन्यात यायानने तिला गाठलं.

"काय गं नेंग," धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला, "तिच्यावर इतका राग?"

"घरी सकाळ-संध्याकाळ तीच. ती नसती तर अबाहनी कधीतरी आपल्या लेकीकडेही बघितलं असतं."

"शनिवारी ती पहिल्यांदा लोकांसमोर गाणार आहे. तेही पडद्यामागून."

"भित्री आहे."

"आहेच," यायान म्हणाला. "पडदा नको म्हणाली तर मी लगेच काढीन. पण म्हणायचं तिने."

 अबाहनी सांगितलं होतं म्हणून वेनिंगने शनिवारची तिकिटं मागून घेतली आणि घरी आली.

अबाह, तिचे वडील, शाळेत कचापी हे तंतुवाद्य शिकवायचे. तारेला बोट लागायच्या आधीच सूर चुकणार हे त्यांना कळतं, असं सगळी आळी म्हणायची. वेनिंग आली तेव्हा ते डोळे मिटून हालिमुनच ऐकत होते. आई, म्हणजे अम्बू, ताटात भात वाढत होती.

"मिळाली तिकिटं?" अबाहनी डोळे उघडले. "वा! काय सांगितलं तिच्याबद्दल? सगळं सांग, काही गाळू नकोस."

वेनिंगने सगळं सांगितलं. खिडकीचंसुद्धा.

अबाहनी हातातला घास खाली ठेवला. "खिडकी लावली? असल्या गळ्याच्या पोरीसमोर? कसला बाप म्हणायचा हा! कान आहेत की भोकं? माझ्या घरात असती ना, तर मी तिला डोक्यावर घेऊन नाचलो असतो."

"त्या माणसाच्या लक्षातही नसेल," अम्बू हळूच म्हणाली.

"लक्षात नसेल तर आणखीच वाईट!"

वेनिंग सोयाबीनच्या टेम्पेचा तुकडा नुसताच मोडत राहिली.  तिच्या आठवणीत अबाह तिच्यासाठी असे कधी पेटून उठले नव्हते. एकदाही नाही.

"तूही चल शनिवारी," अबाह म्हणाले. "गाणं हा तुझा प्रांत नाही, ते ठीक आहे. तू हिशेबात हुशार आहेस, कॉलेजही त्याचंच घ्यायचं ठरलंय. पण एखादी मुलगी जीव ओतते म्हणजे काय करते, ते बघ जरा. शीक तिच्याकडून."

"तिच्यासारखी झाले तर आवडेन तुम्हाला?"

"वेडाबाई!" अबाह हसले. "तिच्यासारखी व्हायला नशीब लागतं."

"अगं, जेव आधी," अम्बू म्हणाली. "आणि शनिवारी माझ्या शेजारी बस. गर्दीत मला भीती वाटते."

वेनिंगने ताट बाजूला सारलं आणि उभी राहिली. दुपारी माईकवर बोलली होती, तशीच आताही ती मोठ्याने बोलली.

"नाही अम्बू, मी तुमच्या शेजारी बसणार नाही. आणि अबाह, हिशेबाच्या कॉलेजातही मी जाणार नाहीये. मी आत्ताच कांग यायानला कळवतेय, पडदा काढून टाक. शनिवारी मी तोंड न लपवता गाणार आहे."