क्लेची वडी

गाड्या उजळून देणाऱ्या मिस्त्रीने पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घातला आणि बॉनेटवरून अलगद फिरवला. गाडी पांढरी, नुकतीच धुऊन वाळवलेली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण पिशवीतल्या बोटांना सगळं कळत होतं. ओल्या रंगावर कुणी बारीक मीठ शिंपडून ठेवावं, तसं.

त्याने पिशवी गाडीच्या मालकापुढे धरली. मालक म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर, बोलायला मोकळा माणूस. त्यांनीही हात घालून बघितला आणि हसले. रोज माणसांच्या छात्या तपासतो, म्हणाले, गाडीची आज पहिल्यांदाच. मग विचारलं, हे आहे तरी काय?

मिस्त्रीने सांगितलं. तुमच्या कारखान्यातल्या घासकामाच्या शेडमधून उडणारी लोखंडाची धूळ. उडते तेव्हा तापलेली असते, रंगावर बसली की रुतते आणि आतल्या आत गंजते. कितीही धुवा, जात नाही. क्लेनेच, या चिकणमातीसारख्या वडीनेच, उचलावी लागते.

डॉक्टरांना ते पटेना. गाडी शेडमध्ये कुठे असते? बाहेर असते, दवाखान्यापाशी, वर पत्रा आहे. आणि गाडी घेऊन झाली किती, तर दोन वर्षं.

मिस्त्रीने क्लेची वडी मळून चपटी केली, बॉनेटवर साबणपाण्याचा फवारा मारला आणि दोन बोटांखाली वडी सरळ रेषेत पुढेमागे नेऊ लागला. गोल फिरवायची नाही, दाबायची नाही. आधी वडी अडते, कुरकुरते. घसरायला लागली की तेवढी जागा साफ झाली असं समजायचं. मग मळका भाग आत दुमडायचा आणि बॉनेटचा पुढचा वीतभर भाग घ्यायचा. चौथ्यांदा दुमडली तेव्हा फिकट वडीचा रंग विटकरी झाला होता.

त्याचा धाकटा भाऊ त्याच शेडमध्ये चाकावर लोखंड घासायचा. आता त्याला रात्री आडवं होता येत नव्हतं. भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. तिथून उचलून गोदामात टाकावं, एवढाच त्याचा अर्ज होता, आणि तो अर्ज डॉक्टरांच्या शेऱ्यासाठी थांबला होता. गाडी कुणाची येणार हे कळल्यावर भावजय सकाळी दारात येऊन उभी राहिली. "दादा, एक शब्द टाका," एवढंच म्हणाली. तो शब्द तासभर मिस्त्रीच्या तोंडात घोळत होता.

आता बोलायचंच, असं ठरवून त्याने मान वर केली आणि ओली वडी हातातून निसटली. टपकन फरशीवर पडली.

डॉक्टर चटकन वाकले. वडी उचलून त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसली आणि पुढे केली. घ्या, काही झालं नाही तिला.

मिस्त्रीने वडी घेतली. फरशीवरची रेती तिच्यात शिरली होती, बोटांना टोचत होती. एकदा फिरवली असती, तर बॉनेटभर ओरखडे उठले असते, आणि दोष मिस्त्रीवर आला नसता; वडी पुसून देणारे डॉक्टर स्वतःच होते. घडीभर त्याचा हात बॉनेटवर तसाच थांबला. मग त्याने वडी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि नवी काढली.

"पडलेली चालत नाही. आत शिरलेला कण पुसून निघत नाही, डॉक्टर."

नवी वडी मळता मळता तो म्हणाला, "माझा धाकटा त्या शेडमध्येच आहे. अकरा वर्षं झाली. पत्रा त्याच्याही डोक्यावर आहे, पण धूळ पत्र्याखालीच उडते."

डॉक्टरांनी हातातल्या रुमालाकडे बघितलं. त्यावर तांबूस पट्टा उमटला होता. त्यांनी तो घडी करून खिशात घातला. गाणारा तो का, म्हणाले, चाकांच्या आवाजावर आवाज चढवायचा तो? मिस्त्री म्हणाला, हो, तोच. आता एक ओळ पुरी करायला त्याला दोनदा थांबावं लागतं.

मग डॉक्टरांनी सांगून टाकलं. कागद सकाळीच वर गेला. दमा लिहिलाय, घराण्यातला. जागा बदलायची गरज नाही, असा शेरा दिलाय.

"आमच्या घराण्यात दमा कुणालाच नाही," मिस्त्री म्हणाला.

"मला माहीत आहे." डॉक्टरांचा आवाज खाली आला होता. "एकाला धूळ लिहिली, की शंभर जणांना लिहावी लागते, मिस्त्री."

मिस्त्रीने बॉनेट संपवलं, मग टप, मग चारी दरवाजे. हात तितकाच हलका, रेघ तितकीच सरळ. कुठे ओरखडा उठू दिला नाही. शेवटी मेण चढवून कापडाने उजळलं तेव्हा रंगात समोरची भिंत विटांसकट दिसायला लागली.

डॉक्टरांनी तळवा फिरवून बघितला. न राहवून त्यांच्या तोंडून निघालं, "वा! नुसती काच." आणि किती दिवस अशी राहील, तेही विचारलं.

"त्याच जागी उभी केलीत, तर चार महिने."

डॉक्टर आत बसले. गाडी सुरू करून त्यांनी काच थोडी खाली घेतली.

"छे, तिथे कशाला?" ते म्हणाले. "उद्यापासून हिची जागा बदलतो."