आईच्या डोक्यातली जागा

वत्सलाबाईंच्या डोक्यात बसवलेला आठवणी साठवायचा ड्राइव्ह भरला आणि सकाळी प्यायलेला चहा त्यांना दुपारी आठवेनासा झाला. त्यांची मुलगी मंदाकिनी त्यांना स्मृतिकेंद्रात घेऊन गेली.

"मोठा ड्राइव्ह या वयात बसवता येणार नाही. काहीतरी पुसावं लागेल," तिथली तंत्रज्ञ म्हणाली. "चाळीस टक्के जागा हेमंतच्या आठवणींनी व्यापलीय. तुमच्या आठवणींनी तीन टक्के."

हेमंत, मंदाकिनीचा धाकटा भाऊ, बारा वर्षांपूर्वी मेलबर्नला गेला तो तिकडचाच झाला. ती बारा वर्षं आईची वेणी रोज मंदाकिनीच घालत होती.

"तीनच?"

"रोज सारखंच घडलं की एकच प्रत राहते. हेमंतच्या फोनची वाट मात्र त्यांनी दर वेळी नव्याने पाहिलीय."

मंदाकिनीच्या अंगाची आग झाली. "ते वाट पाहणं पुसून टाका. सगळं," ती म्हणाली आणि तिने सही केली.

संध्याकाळी आई म्हणाली, "सकाळी केंद्रातून घरी येताना रिक्षात किती घट्ट धरलं होतंस गं मला!" मंदाकिनीला रडूच कोसळलं.

रविवारी हेमंतचा फोन आला. आईने "जेवलास का?" एवढं विचारलं, फोन मंदाकिनीकडे दिला आणि ती मेथी निवडायला बसली.

"ताई, आई रागावलीय का? एरवी फोन ठेवूच देत नाही."

"नाही रे," मंदाकिनी म्हणाली. पण फोन ठेवायला तिचं मन होईना; एरवी आई विचारायची ते सगळं ती एकेक करून त्याला विचारू लागली.