सात वेळा ‘येतो’

“जातो,” पंढरी म्हणाला.

उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून, मागे न वळता, एकदाच. खांद्यावरची पिशवी सावरत तो सातपाटीच्या बंदराकडे चालू लागला. दारात उभ्या त्याच्या बायकोच्या, जागृतीच्या काळजात धस्स झालं. हे ठरवलेलं तिनेच होतं. तरी धस्स झालं.

घरातून निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? ‘येतो’ म्हणायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात हा माणूस आठ दिवस समुद्रावर निघालेला. पण जागृतीला एक ‘येतो’ पुरत नसे. सात लागत. सातही एका दमात, मध्ये खोकला नको, कुत्रं भुंकायला नको. भुंकलं की पुन्हा पहिल्यापासून. एखादा जरी कच्चा राहिला तर बोट बुडणार, पंढरी बुडणार, आणि ते पाप आपल्या माथी. हे सगळं खुळ्यासारखं आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण नुसतं कळून भीती जात असती तर आणखी काय हवं होतं! शेजारणी मात्र कौतुकाने म्हणायच्या, “काय जीव हाय गं नवऱ्यावर!”

या जिवापायीच होळीनंतर एकदा बोट अडकली. सात वेळा ‘येतो’ म्हणून पंढरी बंदरावर पोचला, तर ही मागून धावत हजर. पाचवा नीट ऐकू आला नाही म्हणे. पुन्हा सगळे म्हणून होईपर्यंत भरती उतरली आणि बोट खाडीच्या चिखलाला टेकली. बोटीच्या म्होरक्याने, तांडेलाने, चारचौघांत सुनावलं, “पुन्ना असा झाला तर तू घरीच रा. बायकोला येतो येतो करत बस.” सगळे हसले. पंढरी नाही हसला. त्या फेरीहून परतल्यावर तो तिला पालघरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी दुखण्याला नाव दिलं. ओसीडी. मराठीत मंत्रचळ. हा आजार आहे, बाहेरचं काही नाही आणि खूळही नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. मग म्हणाल्या, “भीती विचारते आणि तुम्ही तिला उत्तर देता. म्हणून ती पुन्हा विचारायला येते. आता घाबरायचं, पण उत्तर द्यायचं नाही.” सातावरून पाच, पाचावरून दोन, दोनावरून एक, असं करत महिने गेले. शेवटची पायरी जागृतीने स्वतःच्या हाताने वहीत लिहिली होती. ‘जातो.’ लिहिताना पेन घामाने निसटत होतं.

आज ती पायरी आली होती.

बोटीने किनारा सोडला की तासाभरात फोनची रेंज जाते. तेवढा वेळ तिच्या हातात होता. एक फोन, एक ‘येतो’, की छातीवरचा धोंडा उतरेल. डोळे मिटले की तिला पाणी दिसत होतं आणि पाण्यात पंढरीचा हात. उघडले तरी तेच दिसत होतं. तिने फोन काढला, त्याच्या नावावर अंगठा नेला.

ओट्यावर सासू, हिराबाय, सुके बोंबील निवडत बसली होती. तिचा हात थांबला होता. म्हणजे ऐकलं तिने! शेवटच्या पायरीचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कोणाची छाती होती सांगायची? तिचा नवरा रामू बावीस वर्षांपूर्वी घाईघाईत ‘जातो’ म्हणून निघाला आणि परत आला नाही. रिकामी बोट खाडीपलीकडच्या मुरबे गावाजवळ सापडली. जागृती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूने तिला उंबऱ्याशी बसवून हे सांगितलं होतं. त्या दिवसापासून तो शब्द जागृतीच्या घशात काट्यासारखा अडकला होता.

“फोन कोणाला?” हिराबायने विचारलं.

“आई, ते... जातो म्हणाले. एकदाच विचारते. एकदाच.”

“ऐकला मी.”

आता शिव्या पडणार, म्हणून जागृतीने मान खाली घातली. म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली, जवळ आली आणि फोन धरलेल्या मनगटावर तिने हात ठेवला. हाताला बोंबलाचा वास होता.

“नको करू. तुझा सासरा ‘जातो’ बोललाच नव्हता.”

“पण तुमीच तर मला सांगितलंत!”

“सांगितला. गावाला पन तसाच सांगितला. येईल तो विचारायचा, असा कसा झाला? मला पन कायतरी कारण पायजे होता ना गं. नायतर जगू कशी?”

बंदराकडून इंजिनाचा आवाज आला. पंढरीचीच बोट. आवाज खाडीच्या तोंडाकडे सरकत गेला. जागृतीला दरदरून घाम फुटला. तिने फोन उलटा करून ओट्यावर ठेवला आणि सासूचा हात घट्ट धरला. आवाज अगदी बारीक होईपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या.

“मग काय म्हणाले होते?” तिने विचारलं.

“येतो,” हिराबाय म्हणाली. “मीच मागं बोलवून दुसऱ्यांदा म्हणायला लावलेला.”