आधी जेवण, मग सुनावणी

काचकिनने मेंढीचं शेपटीकडचं हाड उचललं, बुरुल एजेच्या ताटावरून पुढे नेलं आणि तिच्या हाताखालच्या नुर्झानच्या ताटात ठेवलं. एजेच्या वाट्याला छातीचा तुकडा आला. तो पोरीबाळींना देतात.

शेपटीचं हाड पंगतीतल्या सगळ्यांत मानाच्या बाईचं. गुरांच्या सरकारी दवाखान्याची प्रमुख म्हणून इतकी वर्षं ते एजेलाच, सगळ्यांच्या या थोरल्या ताईलाच, मिळत आलं होतं. प्रमुख अजूनही तीच होती. तिच्यावरच्या आरोपाची सुनावणी जेवणानंतर व्हायची होती. चौकशी समिती घाट चढून आलेली, तिला उपाशीपोटी कामाला बसवायची तिथे रीत नाही.

"काचकिन, चुकलास का रे?"

काचकिन दवाखान्याचा ड्रायव्हर. मान वर न करता तो सुरी पुसत राहिला. "मी कशाला चुकतोय, एजे? कुणाला काय वाढायचं ते समितीच्या साहेबांनी सकाळीच सांगितलंय."

नुर्झान लाल झाली. पण हाड काही तिने परत केलं नाही.

समितीचे अध्यक्ष इमानकुलोव हसले. "अहो एजे, एका हाडावरून काय रुसता? जेवा निवांत. मग तुमचं सगळं ऐकून घेतो, अगदी नियमाप्रमाणे."

"निकाल तर वाढून झाला," एजे म्हणाली. "आता सुनावणी काय तोंडी लावायला?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि का होऊ नये? बाजारात आलेल्या गुरांना लाळ-खुरकत झालेली दिसली, म्हणून तिने बाजार बंद केला. ती गुरं निघाली जिल्हाप्रमुखाच्या मेहुण्याची. झालं! अधिकार नसताना बाजार बंद केल्याचा ठपका तिच्यावर आला, आणि नोकरी जायची वेळ. त्या गुरांच्या तोंडातले फोड डोळ्यांनी पाहिलेले दोन गुराखी सकाळपासून बाहेर पायरीवर बसले होते. त्यांना कुणी चहासुद्धा विचारला नव्हता.

"माझे साक्षीदार कधी बोलावणार?"

"त्यांचं काय काम? सगळं कागदावर आलंय. तुम्ही दोन शब्द बोला, आम्ही हात वर करतो, की मोकळे. उजेड आहे तोवर घाट उतरायचाय आम्हाला."

जेवण उरकलं. इमानकुलोवना मनात कुठेतरी टोचलं असावं, किंवा जाता जाता म्हातारीची समजूत काढावीशी वाटली असावी. ते म्हणाले, "इथे वयाने तुम्हीच मोठ्या. दुवा तुम्हीच द्या, म्हणजे उठू."

एजेने दोन्ही तळहात समोर उघडे धरले. सगळ्यांनी धरले. थोरलं माणूस दुवा संपवून शेवटचं 'ओमीन' म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत, मधे बोलायचं नाही. दुवा मोडून उठायची छाती आजवर त्या डोंगरात कुणाला झाली नव्हती.

"देवा, इथे कुणी ऐकत नाही, तर तू ऐक," एजे म्हणाली. "त्या दिवशी बाजारात एक तांबडी गाय आली. तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या..."

अध्यक्षांनी चमकून पाहिलं. हात मात्र तसेच राहिले.

ती सांगत गेली. कुठल्या गुरांचे खूर सडले होते ते सांगितलं, जिल्हा कचेरीतून फोन कुणी केला ते सांगितलं, फोनवरच्या शिव्याही गाळल्या नाहीत. आवाज चढत गेला. इमानकुलोवच्या तळव्यांवरची चरबी थिजून पांढरी पडली, दंड थरथरायला लागले. त्यांनी दोनदा घसा खाकरला. एजेने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग हात तसेच धरून तिने दाराकडे हाक मारली. गुराखी टोप्या सावरत आत आले. सगळ्यांचे उघडे हात पाहून त्यांनीही आपले हात उघडे धरले.

"हं, आधी तू सांग रे," एजे म्हणाली. "सावकाश सांग. मी ओमीन म्हणेपर्यंत इथून कुणी उठत नाही."